फ्रीज कोणाचा? भारतीय आईस्क्रीम उद्योगाची अलीकडची कहाणी

अमळनेरला वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा बोरी नदीच्या पात्रातील वाळू दुपारी पाय ठेवू देत नाही. पारा 44 अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि काहीतरी थंड मिळावे, या एकाच ओढीने माणसे फिरत असतात. या यात्रेत थंड पदार्थांच्या तीन पिढ्या एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. लाल ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठातून कुल्फीचे साचे काढणारा एक जण असतो. राजस्थानातील भीलवाडा परिसरातून उन्हाळ्यापुरता आलेला, आरशांनी आणि दिव्यांनी मढवलेल्या गाडीवरून आईस्क्रीम विकणारा दुसरा असतो. पात्राच्या काठावरील किराणा दुकानात काचेचे सरकते झाकण असलेला आणि एका मोठ्या कंपनीच्या रंगात रंगवलेला डीप फ्रीझर असतो.

एका वर्षी त्या दुकानदाराकडे मी गावातल्याच एका छोट्या कारखान्याची कुल्फी मागितली. फ्रीझरमध्ये जागा दिसत होती, पण त्याने हात झटकून सांगितले, "भाऊ, हाऊ फ्रीज मना नही, कंपनीना शे." दुकान त्याचे, वीजबिल त्याचे, गिऱ्हाईकही त्याचेच, तरीही त्या पेटीत काय ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

भारतातील आईस्क्रीम उद्योगाचा गेल्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर चवीची चर्चा बाजूला ठेवून या वाक्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. थंडी कोणाच्या ताब्यात आहे, स्निग्धांश कोठून येतो आणि सरकार त्या पदार्थाला कोणत्या नावाने ओळखते, या तीन गोष्टींनी या धंद्याची दिशा ठरवली, असे माझे मत आहे. त्यासाठी आधी डब्यात नेमके काय असते ते पाहू.

खान्देशात ज्याच्या घरी एखादी म्हैस आहे, त्याला स्निग्धांश म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे दूध डेअरीवर गेल्यावर पहिला प्रश्न असतो तो "फॅट किती लागली?" हा, कारण दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनघटक, यांवरच ठरतो. आईस्क्रीमचेही तसेच आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमांनुसार साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के, प्रथिने किमान 3.5 टक्के आणि एकूण घनघटक किमान 36 टक्के असले पाहिजेत. स्निग्धांश 2.5 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्याला मध्यम स्निग्धांशाचे आणि 2.5 टक्क्यांपर्यंतच असेल तर कमी स्निग्धांशाचे आईस्क्रीम म्हणतात. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी खाद्य वनस्पती तेल किंवा वनस्पतिजन्य चरबी वापरली, तर तो पदार्थ 'आईस्क्रीम' या नावाने विकता येत नाही; वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. इंग्रजीत, बारीक अक्षरांत लिहिलेला हा शब्द वाचण्याचे कष्ट यात्रेत कोणी घेत नाही.

स्निग्धांशाइतकाच महत्त्वाचा, पण कोठेही न दिसणारा घटक म्हणजे हवा. दूध, साखर, दुधाची भुकटी, मलई किंवा लोणी यांचे मिश्रण गोठत असतानाच ते सतत घुसळले जाते आणि त्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकतात. कारखान्यात याला 'ओव्हररन' म्हणतात. एक लिटर मिश्रणाचे दोन लिटर आईस्क्रीम झाले, तर ओव्हररन शंभर टक्के. ही फसवणूक आहे असे समजण्याचे कारण नाही, कारण हवा नसेल तर आईस्क्रीम दगडासारखे लागेल आणि चमचा रुतणार नाही. मात्र या हवेला मर्यादा असावी म्हणून एक लिटर आईस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम भरले पाहिजे, असा नियम आहे. आईस्क्रीम वजनावर न विकता मापावर का विकले जाते, याचे उत्तर येथेच मिळते. एकदा घरी आणलेला 700 मिलिलीटरचा फॅमिली पॅक मी शेजारच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहिला, तेव्हा आकडा 400 ग्रॅमच्याही आत थांबला. दुकानदाराला काटा बिघडल्याची शंका आली. काटा ठीक होता; 700 मिलिलीटरला नियमानुसार 367.5 ग्रॅम वजन पुरते.

आता एक छोटा हिशेब करू, कारण हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. एक लिटर आईस्क्रीमचे किमान वजन 525 ग्रॅम आणि त्यात किमान 10 टक्के स्निग्धांश, म्हणजे सुमारे साडेबावन्न ग्रॅम. सहा टक्के फॅटच्या एक लिटर म्हशीच्या दुधात साधारण साठ ग्रॅमहून थोडा अधिक स्निग्धांश असतो. म्हणजे नियमाच्या काठावर चालणाऱ्या एक लिटर आईस्क्रीममध्ये एक लिटर म्हशीच्या दुधाइतकाही स्निग्धांश नसतो. तरीसुद्धा मिश्रणातील सर्वांत महाग वस्तू तीच असते, आणि तिच्या जागी पामतेलासारखे स्वस्त तेल वापरले की खर्चात मोठा फरक पडतो. हा फरक ज्यांनी ओळखला आणि ज्यांनी त्याला विरोध केला, त्यांच्यातील लढत पुढे न्यायालयापर्यंत गेली.

तिसरा घटक थंडी. मिश्रणातील पाण्याचे स्फटिक जितके लहान, तितके आईस्क्रीम जिभेला मऊ लागते, आणि स्फटिक लहान राहण्यासाठी मिश्रण वेगाने गोठवून ते उणे 18 अंश सेल्सिअसच्या आसपास सलग ठेवावे लागते. तापमान वर-खाली झाले की लहान स्फटिक वितळतात आणि ते पाणी पुन्हा गोठताना मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसते. त्यामुळे खाताना रवाळ बर्फ दाताखाली येतो. वीज नव्हती तेव्हा ही थंडी बर्फ आणि खडेमीठ यांच्या मिश्रणातून मिळवली जात असे. बर्फात मीठ घातले की बर्फ शून्याच्या खाली वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या वस्तूंतून ओढून घेतो. प्रमाण बरोबर साधले तर तापमान उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकते. लाकडी पिंपात पत्र्याचा डबा, मधल्या जागेत बर्फ आणि मीठ, वर फिरवायचा दांडा, अशा पॉटमधील आईस्क्रीम लग्नकार्यात खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. दांडा फिरवायला मुलांची रांग लागे आणि शेवटी शेवटी तो इतका जड होई, की घरातील एखादा दणकट काकाच तो फिरवू शके.

भारतातील जुन्या आईस्क्रीम घराण्यांची सुरुवात अशाच पिंपांपासून झाली. अहमदाबादमध्ये वाडीलाल गांधी यांनी 1907 मध्ये सोड्याचे दुकान काढले आणि हाताने फिरवायच्या कोठीतील आईस्क्रीम विकायला सुरुवात केली. नागपूरचे दिनशॉज 1932 चे. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये पिशोरीलाल लांबा आणि इक्बाल घई यांनी 1940 मध्ये क्वालिटीचा पाया घातला. सतीश चोना यांनी 1944 मध्ये कराचीत हॅवमोर सुरू केले आणि फाळणीनंतर ते अहमदाबादला आले. या यादीत एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक नाव एका शहराचे आहे. आईस्क्रीम दूरवर नेता येत नसे, त्यामुळे ज्या गावात बर्फाचा कारखाना आणि दूध असे, त्या गावाचे स्वतःचे आईस्क्रीम असे.

या स्थितीला सरकारी धोरणाचाही आधार होता. लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत आईस्क्रीमचा समावेश होता, म्हणजे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक एका मर्यादेपलीकडे जाणाऱ्या मोठ्या कंपनीला आईस्क्रीमचा नवा कारखाना काढता येत नव्हता. हेतू चांगला होता: छोट्या माणसाच्या तोंडचा घास मोठ्याने काढू नये. परिणाम मात्र दुहेरी झाला. गावोगावचे छोटे कारखाने टिकले, पण आधुनिक गोठवण यंत्रे, शीतवाहने आणि गुणवत्ता तपासण्याच्या प्रयोगशाळा यांत पैसा घालायला त्यांतील बहुतेकांकडे ना भांडवल होते ना कारण. आईस्क्रीम ही शहरातील, सणासमारंभाची आणि थोडी श्रीमंती वस्तू राहिली. खेड्यातील मुलाच्या वाट्याला यायची ती काडीवरची लालभडक गारीगार किंवा प्लॅस्टिकच्या नळीतील पेप्सी, आणि दोन्हींत दुधाचा थेंब नसे.

छोट्या भांडवलातून मोठे झालेले दोन जण मात्र याच काळात दिसतात, आणि दोघांनी निवडलेले मार्ग एकमेकांच्या अगदी उलट आहेत. आर. जी. चंद्रमोगन यांनी 1970 मध्ये चेन्नईतील रोयापुरम येथे 13,000 रुपयांच्या भांडवलावर काडीवरची कँडी बनवायला सुरुवात केली. तेच पुढे अरुण आईस्क्रीम आणि हटसन अॅग्रो झाले. चेन्नईत बड्या नावांपुढे निभाव लागत नाही हे पाहून त्यांनी तमिळनाडूतील लहान गावांकडे मोर्चा वळवला. दुसरे रघुनंदन कामत. मंगळुरूजवळच्या मुल्की गावातील फळविक्रेत्याचा हा मुलगा मुंबईत आला आणि 1984 मध्ये त्याने जुहूला 'नॅचरल्स'चे पहिले दुकान काढले. सुरुवातीला गिऱ्हाईक यावे म्हणून तेथे पावभाजीही मिळत असे. पिकलेले फळ कसे ओळखावे आणि त्याचा गर कसा हाताळावा हे घरातूनच शिकलेल्या कामतांनी सीताफळ, फणस, शहाळे असे स्वाद लोकप्रिय केले. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या दुकानांची साखळी महाराष्ट्राबाहेरही पसरली होती. चंद्रमोगन यांनी दूरपर्यंत पोहोचण्यावर भर दिला, कामतांनी फळावर. दोघांनीही आपली थंडी आपल्या ताब्यात ठेवली: एकाने स्वतःच्या पुरवठ्याच्या साखळीतून, दुसऱ्याने केवळ स्वतःच्या नावाच्या दुकानांतून विक्री करून.

1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर चित्र झपाट्याने बदलले. बास्किन रॉबिन्स हा अमेरिकी ब्रँड 1993 मध्ये भारतात आला. त्याच सुमारास हिंदुस्थान लिव्हरच्या परिवारातील ब्रुक बाँड लिप्टन इंडिया या कंपनीने कॅडबरीकडून 'डॉलप्स' हा आईस्क्रीमचा व्यवसाय घेतला, 1994 मध्ये 'वॉल्स' या नावाने फ्रोझन डेझर्ट बाजारात आणले, त्याच वर्षाच्या अखेरीस क्वालिटीच्या कुटुंबांशी करार केला आणि 1995 मध्ये मिल्कफूडच्या आईस्क्रीमच्या विक्री व वितरणाचे हक्कही मिळवले. जुन्या शहरी घराण्यांचे नाव आणि परदेशी मालकाच्या ब्रँडचे नाव जोडून 'क्वालिटी वॉल्स' तयार झाले. 1997 मध्ये सरकारने आईस्क्रीम लघुउद्योगांच्या राखीव यादीतून काढून टाकले आणि मोठ्या कारखान्यांचा मार्ग मोकळा झाला.

त्याआधीच्याच वर्षी, 1996 मध्ये, अमूल या मैदानात उतरले होते. हा योगायोग समजून घेण्यासारखा आहे. 1970 मध्ये सुरू झालेली ऑपरेशन फ्लड ही दूध महापूर योजना 1996 मध्येच संपली. तोपर्यंत सहकारी संघांकडे गावागावांतून दूध गोळा करण्याची यंत्रणा, शीतकरण केंद्रे आणि भुकटीचे कारखाने उभे राहिले होते. दूध व्यवसायात हिवाळ्याच्या काळाला 'पुष्टकाळ' म्हणतात, कारण तेव्हा दूध भरपूर येते. उन्हाळा हा 'कृशकाळ', कारण चारा आटतो आणि जनावर दूध चोरते. आईस्क्रीमची मागणी मात्र नेमकी कृशकाळात असते. याचा अर्थ असा की मे महिन्यात आपण जे आईस्क्रीम खातो, त्यातील लोणी आणि भुकटी पुष्कळदा आधीच्या हिवाळ्यात साठवून ठेवलेली असते. हा साठा ज्याच्या घरचाच आहे, त्याला दुधाचा स्निग्धांश सोडून तेलाकडे जाण्याची गरज भासत नाही, आणि दूध उत्पादकांच्याच मालकीच्या संस्थेला तसे करणे परवडणारेही नसते. अमूलने गुजरातपासून सुरुवात केली, दर तुलनेने कमी ठेवले, 'खऱ्या दुधाचे खरे आईस्क्रीम' हा मुद्दा जाहिरातींतून लावून धरला आणि काही वर्षांतच देशातील पहिला क्रमांक मिळवला.

खान्देशाच्या दृष्टीने गुजरात म्हणजे परगाव नव्हेच. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एकाच फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. धुळे-सुरत रस्त्यावरून भाजीपाला, कापड आणि माणसे रोज ये-जा करतात. त्यामुळे गुजराती आईस्क्रीमची नावे आमच्याकडे परकी वाटली नाहीत. जळगाव जिल्ह्यात 'विकास' या नावाने दूध विकणारा सहकारी संघही होता, म्हणजे दूध होते, सहकार होता. तरीही घराघरांत पोहोचलेली आईस्क्रीमची नावे बाहेरचीच राहिली. कारण दूध असणे पुरेसे नव्हते. ते गोठवून दुकानापर्यंत नेणारी आणि दुकानातही गोठलेलेच ठेवणारी साखळी लागत होती.

येथे आपण पुन्हा त्या फ्रीझरपाशी येतो. बिस्किटाचा पुडा फळीवर कोठेही ठेवता येतो, आईस्क्रीमचा कप मात्र फ्रीझरमध्येच ठेवावा लागतो. लहान गावातील दुकानदाराला डीप फ्रीझर विकत घेणे जड जाते, म्हणून कंपनी अनामत रक्कम घेऊन किंवा ठरावीक माल उचलण्याच्या अटीवर आपला फ्रीझर देते. वीजबिल दुकानदार भरतो आणि त्या बदल्यात त्या पेटीत दुसऱ्या कोणाचा माल ठेवायचा नाही, असे सामान्यतः ठरते. दहा बाय दहाच्या दुकानात दुसरी पेटी मावत नाही. म्हणजे गावात जो आधी फ्रीझर ठेवतो, त्याला गावच मिळते. छोट्या कारखानदाराचे आईस्क्रीम कितीही चांगले असले तरी ते ठेवायला जागा नसते. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींबद्दल आपण खूप बोलतो, पण या न बोलणाऱ्या पेटीने जाहिरातींपेक्षा जास्त काम केले आहे.

आणि या पेटीचा शत्रू म्हणजे वीज जाणे. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दहा-बारा तासांचे भारनियमन पाहिले आहे. माझ्या मामांचे चोपड्याजवळ छोटे दुकान होते. एका मे महिन्यात गावाची डीपी जळाली आणि दोन दिवस वीज आली नाही. पहिल्या दिवशी मामांनी फ्रीझरवर पोती आणि गोधड्या टाकल्या, कोणालाही झाकण उघडू दिले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली, सगळे पुन्हा गोठले, आणि तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने कप उघडून परत आणला. कप निम्मा रिकामा होता. पदार्थ कोणी काढून घेतला नव्हता. वितळताना हवा निघून गेली होती आणि उरलेला ऐवज तळाशी बसून बर्फाच्या ढेपेसारखा गोठला होता. वितरकाने माल बदलून देण्यास नकार दिला. मामांनी सगळे कप भाच्यांना वाटले. आम्ही ते चाटूनपुसून खाल्ले, आणि मामांनी पुढच्या वर्षी फ्रीझर परत केला.

अशा गावांसाठी काही फ्रीझरच्या आणि हातगाड्यांच्या भिंतींत क्षारांच्या द्रावणाने भरलेल्या पट्ट्या बसवतात. रात्री वीज असताना ते द्रावण गोठते आणि दिवसभर हळूहळू वितळत आतली उष्णता शोषून घेते. तत्त्व तेच, पिंपातील बर्फ आणि मिठाचे. भारनियमन कमी झाले, रस्ते सुधारले आणि थंड मालाची गाडी आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या गावी येऊ लागली, तसतसे आईस्क्रीम यात्रेपुरते न राहता रोजचे झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबाळींसाठी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतोच, पण रात्री फॅमिली पॅक आणण्याची पद्धत आता अनेक घरांत रुळली आहे.

दरम्यान स्निग्धांशाचा वाद पेटला होता. अमूलने 2017 मध्ये दूरचित्रवाणीवर जाहिराती दाखवल्या, ज्यांत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असते असे सूचित केले होते. 'क्वालिटी वॉल्स'ची मालक असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरने, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान लिव्हरने, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्या पदार्थांत वनस्पती तूप नसून खाद्य वनस्पती तेल असते आणि दुधाचे घनघटकही असतात, असे कंपनीचे म्हणणे होते. जून 2017 मध्ये एकसदस्यीय पीठाने त्या जाहिरातींना मनाई केली आणि डिसेंबर 2018 मध्ये खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला. सामान्य वाचकाचा येथे गोंधळ होतो, म्हणून फरक सांगणे आवश्यक आहे. वनस्पती तूप म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेले तेल. त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होऊ शकते, जे हृदयासाठी घातक मानले जाते आणि ज्याची तेल-तुपातील मर्यादा एफएसएसएआयने जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांवर आणली. पामतेल किंवा खोबरेल तेल नैसर्गिकरीत्याच थंडीत घट्ट होते, त्यामुळे त्याला ती प्रक्रिया लागतेच असे नाही. न्यायालयाने अमूलची जाहिरात थांबवली, पण आईस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे सत्य त्यामुळे पुसले गेले नाही. माझ्या मते या भांडणाचा सर्वांत मोठा फायदा ग्राहकाला झाला, कारण तोपर्यंत डब्यावरचे नाव वाचायचे असते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

जिलाटोचा उल्लेख येथेच करून टाकतो. मोठ्या शहरांतून आता जळगावसारख्या ठिकाणीही ऐकू येऊ लागलेला हा इटालियन प्रकार आईस्क्रीमचाच भाऊ आहे. त्यात साधारण चार ते आठ टक्के स्निग्धांश असतो, हवा बरीच कमी असते आणि तो उणे 12 ते 14 अंशांना, म्हणजे थोडा 'गरम' वाढला जातो, त्यामुळे स्वाद जिभेला लवकर जाणवतो. गंमत अशी की महागड्या दुकानात ऐटीत मिळणारा हा पदार्थ आपल्या नियमांच्या आकड्यांत बसवायचा म्हटला, तर तो मध्यम स्निग्धांशाच्या वर्गात जातो. हवा न घालता आटवलेले दूध गोठवणारी आपली कुल्फी त्याच्याहून घट्ट असते, पण तिच्यासाठी कोणी काचेचे दुकान थाटत नाही.

आता कराकडे वळू, कारण छोट्या कारखानदारावर सर्वांत खोल परिणाम त्याचा झाला. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आईस्क्रीमवर 18 टक्के दर बसला. छोट्या व्यावसायिकांना उलाढालीवर अल्प दराने एकरकमी कर भरण्याची सवलत देणारी कंपोझिशन योजना होती, पण तिच्यातून तीन वस्तूंच्या उत्पादकांना वगळण्यात आले: पानमसाला, तंबाखू आणि आईस्क्रीम. पुढे 2019 मध्ये मालाचा पुरवठा करणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत वाढवली, तेव्हाही त्या सवलतीतून हीच मंडळी बाहेर राहिली. उन्हाळ्याचे चार महिने कुल्फी आणि कप बनवणाऱ्या तालुक्यातील माणसाला पानमसाल्याच्या पंगतीत का बसवले, याचे पटण्याजोगे उत्तर मला कोठे सापडले नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक खुलासा आला. अनेक आईस्क्रीम पार्लर स्वतःला उपाहारगृह समजून पाच टक्के कर लावत होते. पार्लर तयार आईस्क्रीम विकते, शिजवत नाही, म्हणून तेथेही 18 टक्के लागतील, असे सांगण्यात आले. मागील काळाच्या थकबाकीबाबत नंतर दिलासा मिळाला, पण तोपर्यंत अनेकांची झोप उडाली होती. 22 सप्टेंबर 2025 पासून आईस्क्रीमवरील दर 18 वरून थेट 5 टक्क्यांवर आला.

मालकीच्या बाबतीतही गेल्या दहा वर्षांत मोठी उलथापालथ झाली आहे. कराचीतून अहमदाबादला आलेले हॅवमोरचे आईस्क्रीम 2017 मध्ये दक्षिण कोरियाच्या लोट्टे कंपनीने 1,020 कोटी रुपयांना विकत घेतले. हिंदुस्थान युनिलिव्हरने नोव्हेंबर 2024 मध्ये आईस्क्रीमचा व्यवसाय वेगळा करण्याचे ठरवले आणि डिसेंबर 2025 पासून 'क्वालिटी वॉल्स (इंडिया)' ही स्वतंत्र कंपनी झाली. जगातील एका मोठ्या साबण-शाम्पू कंपनीला आईस्क्रीम नकोसे का व्हावे? साबणाची गाडी कोठेही जाते, साबणाचे गोदाम साधे असते आणि साबण बारा महिने खपतो. आईस्क्रीमला वेगळी गाडी, वेगळे गोदाम, दुकानात वेगळी पेटी आणि चार महिन्यांचा हंगाम. म्हणजे अमळनेरच्या किराणा दुकानदाराला जी अडचण आहे, तीच त्या कंपनीलाही होती, फक्त मोठ्या मापाने.

करातील कपात झाली ती सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे हंगाम संपल्यावर. त्या दिवाळीत मी यात्रेजवळच्या त्याच दुकानात गेलो होतो. नवे कमी दर दाखवणारा कागद फ्रीझरच्या काचेवर चिकटवलेला होता. फ्रीझरचे बटण मात्र बंद होते, झाकणावर आकाशकंदील आणि पणत्या विकायला मांडल्या होत्या. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस येऊन गेला, पेटीवर इतर सामान ठेवू नका म्हणून सांगून गेला. मग त्याने पणत्यांचा एक डझन मोजून माझ्या पिशवीत टाकला आणि आखाजीपर्यंत हा फ्रीज आपलाच, असे हसत सांगितले.